मधला बॉल कोणाचा

दोन माणसांच्या मधल्या मोकळ्या जागेवर माझ्या साडूंइतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. आणि त्याच जागेवरून मी त्यांच्यावर चारचौघांत खोटा आळ घेतला. चूक माझी होती हे आधीच सांगतो, नाहीतर त्यांच्या गमती सांगता सांगता मीच साळसूद ठरेन.

साडू मूळचे सोनईचे, नागापूरच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. आमच्या कॉलनीतल्या बॅडमिंटनच्या मैदानावर पिकलबॉल या टेनिससारख्या नव्या खेळाच्या रेघा पडल्या आणि ते रोज सकाळी लेंग्यावर बूट चढवून, बॅट काखेत मारून हजर होऊ लागले. जोडीने खेळायचा हा खेळ त्यांनी औताच्या हिशेबाने समजून घेतला होता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या आणि स्वतःच्या कमरेला एकच कासरा बांधला. "पाव्हणं, एक बैल पुढं आन् एक मागं, असं औत चालतंय व्हय? मी सरकलो की तुमी बी सरकायचं. जाळीकडं जायचं तर दोघांनी." मी एकदा विसरून मागेच थांबलो, साडू पुढे धावले आणि आम्ही दोघेही आडवे झालो. गुडघे झटकत ते समाधानाने म्हणाले, "आता कळालं ना?"

जोरात हाणणाऱ्या पोरांची त्यांना कीव यायची. "जोर ऊस तोडताना लावा. हितं जागा बघा!" पहिला फटका खोल, मागच्या रेघेपाशी, म्हणजे समोरचे तिथेच अडकतात. तेवढ्यात आपण जाळीजवळ जायचं. मग बॉल त्यांच्या पायाशी, नाहीतर थेट दोघांच्या मधोमध. "मधनं आला की दोघं एकमेकांकडं बघत्यात. सासुरवाडीला दोन जावई असले की खाट कोन उचलतंय?" एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी ताटाच्या मध्ये पापडाची जाळी उभी करून चार जिलब्यांनी मला हेच शिकवलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या मेहुणीने, कपाळाला हात लावला. मी उजव्या हाताचा, डावीकडे उभा राहणारा. त्यामुळे मधून आलेला बॉल माझ्या सरळ हाताला यायचा, म्हणून आमच्या जोडीत तो माझा, हेही तिथेच ठरलं.

कॉलनीच्या स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो, ते सगळं त्यांच्या डोक्यामुळे. शेवटचा बॉल मधून आला, माझ्या हाताच्या अंतरावर. एवढ्या लोकांसमोर चुकलो तर, या भीतीने मी हललोच नाही. बॉल मागे पडला, आम्ही हरलो, गलका झाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो साडूभाऊ, तुमचा होता ना!"

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "व्हय, माझाच हुता. दिसला न्हाई मला."

साडूंना आता मधला बॉल दिसत नाही, असं मैदानभर झालं. त्यांना कोणी जोडीला घेईना. कबूल करायला लाज वाटते, पण मीही एका तरुण गड्याबरोबर खेळू लागलो. साडू मात्र रोज यायचे, बाकावर बसायचे, कोणी विचारलं की गुडघा दाखवायचे. मधूनच न राहवून ओरडायचे, "खोल टाका, खोल!"

असे चार महिने गेले. पुढच्या स्पर्धेच्या जोड्या लिहायला एका रविवारी सगळे जमले, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं, "माझं नाव नका धरू. मी बसून बघतो."

मला ते ऐकवेना. मी उभा राहिलो. "तो बॉल माझा होता. मी घाबरून हललो नाही आणि यांच्यावर ढकललं. इतके दिवस यांनी मला झाकलं."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर साडूंनी खांद्याला धरून मला अडवलं.

"हरल्यावर आपल्या जोडीदाराला उघडं पाडायचं नसतं, पाव्हणं. येवढंच." त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

"तुमचे चार महिने बाकावर गेले," मी म्हणालो, "ते काही मला परत आणता यायचे नाहीत. मला माफ करा, साडूभाऊ."