एका सकाळपुरता पडदा

मी खळ्यात भात झोडत होते. लुगड्याचा काचा मारलेला, केसांत भुसा. चुलतभाऊ आला आणि त्यानं काळा बुरखा माझ्या अंगावर फेकला.

"घाल ह्यो. साहेब आलाय चावडीत. आपल्यातल्या बाया अशा उघड्या फिरत न्हाईत."

मला आधी हसूच आलं. माझा जन्म मळवलीच्या खाचरांत गेला. गावच्या बायांबरोबर गुडघाभर चिखलात मी भात लावलं. तेव्हा हाच बांधावर बसून विडी ओढायचा आणि 'उरका लवकर' म्हणून ओरडायचा. तेव्हा मी उघडी नव्हते. आज झाले.

आम्ही गावचे मुलाणी. गावात बकरं कापायचं ते आमच्याच घरच्या हातानं, आणि त्याबद्दल भाताचं एक खाचर इनाम. शेवटी शेवटी अब्बांचे हात थरथरायला लागले. मग सुरी मी धरली. बिस्मिल्ला म्हणायचं आणि कापायचं. जत्रेचं बकरं, लग्नाचं बकरं. सगळं गाव माझ्या हातचं खात होतं, पाटील तर पहिल्या पंगतीला. अब्बांना मुलगा नव्हता. मी एकटीच. नवरा मुंबईला गोदीत मेला तेव्हा पोटुशी माहेरी आले, ती तिथंच राहिले. त्या श्रावणात अब्बा गेले आणि चुलतभावानं खाचरावर हक्क सांगितला. निवाडा साहेब चावडीत येऊन करणार होता.

मी लेकीला पाठीशी बांधून चालत लोणावळ्याला गेले, मशिदीतल्या इमामसाहेबांकडे. त्यांनी कुराण उघडलं, वाचलं, अर्थ सांगितला. एकटी लेक असेल तर अर्धं तिचं, उरलेलं भावकीचं. मला वाटलं होतं पदर पसरावा लागेल. इथं तर खुदानंच वाटणी करून ठेवलेली! बाईनं कापलेलं चालतं का, तेही विचारलं. म्हणाले, "जायज आहे, बेटी." मी म्हटलं, मग चावडीत येऊन एवढंच सांगा. त्यांनी कुराण कपड्यात गुंडाळलं. "सरकारी कामात आम्ही पडत नाही."

तर त्या सकाळी मी बुरखा घातला. का घातला? भ्यायले. चुलतभाऊ म्हणाला, बुरख्याशिवाय साहेब तुझं ऐकणारच नाही. मला ऐकवायचं होतं.

चावडीत मला आत घेतलं नाही. ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडी टांगली होती, तिच्यामागं बसवलं. आत गोरा प्रांतसाहेब खुर्चीत. त्याचं मराठी स्वच्छ होतं, पुस्तकात शिकलेलं. म्हणाला, "बाई पडद्यात आहेत. त्यांच्या वतीने कोण बोलणार?"

"मी बोलतो साहेब. भाऊ हाय तिचा," चुलतभाऊ म्हणाला.

ज्यानं माझं खाचर मागितलं होतं, त्यालाच माझं तोंड दिलं. मी घोंगडीमागं बसून ऐकत होते. "बाई म्हनती, मला काय नको. भाऊ दील ते खाईन."

"मी न्हाई असं म्हनले!" मी ओरडले.

 मग चुलतभावाचा आवाज, एकदम मऊ. "बाप गेल्यापासनं डोकं ठिकाणावर न्हाई बिचारीचं."

साहेबानं पाटलाला विचारलं, गावचं काम कोण करतं? पाटील म्हणाला, "बाईनं सुरी धरल्याचं आमी तर पाह्यलं न्हाई, साहेब." माझ्या हातचं खाऊन पाटलाची ढेरी वाढली होती. पाह्यलं न्हाई!

मग मला राहवलं नाही. घोंगडी ओढली. ती खाली पडली. तोंडावरची जाळी वर टाकली आणि आत जाऊन साहेबासमोर उभी राहिले. म्हटलं, "माझं मी बोलते. कुराणात माझा अर्धा वाटा हाय."

साहेबानं मान वळवली. भिंतीकडं बघत बसला. माझा अपमान करायचा म्हणून नव्हे, अदब म्हणून! पडद्यातल्या बाईचं तोंड बघू नये, एवढा तो सभ्य. मी भिंतीकडं बघणाऱ्या माणसाशी बोलत राहिले. कारकुनानं टाक खाली ठेवला. माझं बोलणं कुणी लिहिलंच नाही.

साहेब भिंतीलाच म्हणाला, "आम्ही कोणाच्या धर्मात ढवळाढवळ करत नाही. पण इनामाच्या जमिनीला सरकारचा कायदा आहे. घराण्यात पुरुष असताना मुलीला मिळत नाही."

म्हणजे बुरख्यापुरता माझा धर्म. खाचरापुरता साहेबाचा कायदा. दोन्हीकडून चुलतभावाचं फावलं. खुदानंही त्याला निम्मं दिलं होतं, पण ते त्याला पुरलं नाही.

पुढच्या पावसात मी त्याच खाचरात रोजानं लावणीला गेले. लेक लहान, पोट कुणाला सुटलंय? वाकून रोपं लावताना चिखलात आसवं पडायची. चुलतभाऊ बांधावर होताच. तिथं मात्र त्याला बुरख्याची आठवण नव्हती. मी तो घडी करून कधीच परत दिला होता.

आता लेक उपवर झाली आहे. गावात सभा होतात. म्हणतात, साहेब जाणार. जाऊ दे. मला भीती वेगळीच आहे. त्या खुर्चीत आपल्यातलाच कुणी बसेल आणि भिंतीकडंच बघेल.

उद्या लेकीचा निकाह आहे. आमच्यात वकील म्हणून घरातला वडील माणूस आत नवरीकडं जातो, कबूल आहे का विचारतो, बाहेर येऊन तिचं उत्तर सांगतो. आज चुलतभाऊ आला. नवा फेटा बांधून.

"वकील म्हनून मीच जानार. घरात दुसरं हाय कोन?"

मी लेकीकडं पाहिलं. तिनं 'नको' अशी मान हलवली.

"तुमी न्हाई, भाई," मी म्हटलं. "कुणीच न्हाई. ती मांडवात बसंल आन तिचं ती सांगंल."

"वऱ्हाड उठून जाईल!"

जाईल. तो विचार मी केला आहे. वऱ्हाड गेलं तर मांडव आम्ही दोघी मिळून उतरवू आणि पुन्हा कुणाच्या तरी खाचरात लावणीला जाऊ. पण माझ्या घरातल्या बाईच्या वतीनं आता कुणी बोलणार नाही. हो म्हणायला नाही आणि नाही म्हणायलाही नाही.