वरातीच्या घोडीचा पाय

नवरा गेल्यानंतर आमच्या घरात बोलण्यासारखा विषय एकच उरला होता, घोडी. शहराबाहेर, मिटमिटा गावाच्या अलीकडे, तबेल्याला लागून असलेल्या खोल्यांत सासरे आणि मी, दोघंच राहायचो. सकाळी ते विचारायचे, "खाल्लं का तिनं?" मी म्हणायचे, "खाल्लं." संध्याकाळी मी विचारायचे, "पाणी प्याली का?" ते म्हणायचे, "प्याली." एवढ्यावर दिवस निघायचा. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. खरं तर तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं. दात काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला असून आपला नसतो, तसं सगळं अंग झालं होतं.

घोडी पांढरी, वरातीची. नवरा आणि सासरे दोघं मिळून तिला लग्नांना न्यायचे. तो गेल्यावर सासरे एकटेच नेऊ लागले आणि त्याच उन्हाळ्यात सिमेंटच्या रस्त्यावर, एका वळणाला, तिचा पाय घसरला. नवरदेव वाचला, त्याचा फेटा तेवढा गटारात गेला. घोडीच्या पुढच्या उजव्या पायाची मागची शीर मात्र दुखावली. जनावरांच्या डॉक्टरांनी पाय चाचपला. म्हणाले, तुटली नाही, ताणली गेलीय. आधी आराम आणि गार पाणी, मग हळूहळू चालवायचं. निघताना माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही माणसांची फिजिओथेरपी करता ना? तेच करा. फक्त हिला सांगून समजणार नाही." मी एका दवाखान्यात गुडघे बदललेल्या लोकांना चालायला शिकवते. त्यांनाही सांगून समजत नाही, असं म्हणायचं होतं, पण तोंड उघडायचा कंटाळा आला.

सासऱ्यांनी त्याच दिवशी निकाल लावला. "तुळशीचं लगीन झालं की सराई लागती. तवर चालली तर ठीक. नाय तर वैजापूरचा एक जण मागतोय, त्याला देऊन टाकू. नुसती उभी करून काय तिची पूजा बांधायची?"

घोडी गेली तर मीही जाणार, हे कुणी बोललं नव्हतं, पण ठरल्यातच जमा होतं. दर रविवारी कन्नडहून, माहेराहून भावाचा फोन यायचा. "तिथं आता तुझं काय आहे?" तो विचारायचा. मी म्हणायचे, "घोडी आजारी आहे. मामांना एकट्यानं तिचं जमत नाही." त्यावर तो पुढच्या रविवारी बोलू म्हणायचा. सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्या घरात राहायला माझ्याकडे तेवढंच एक कारण होतं, आणि ते एका पायावर लंगडत होतं.

सकाळी दवाखान्यात जायच्या आधी मी तिच्या पायावर नळीनं पाणी सोडायचे. गुलमंडीच्या बाजारातून मऊ सुती कापड आणून त्याच्या पट्ट्या केल्या होत्या, त्या गुंडाळायचे. मामांचा भरवसा आंबेहळदीच्या लेपावर आणि गरम विटेच्या शेकावर. मी म्हणाले, "सूज आहे तोवर शेक नको." ते म्हणाले, "माझ्या बापानं शेकूनच घोडे उभे केले." शेवटी हळद त्यांची आणि पाणी माझं, अशी तडजोड झाली. घोडीनं दोन्ही सहन केलं. हळदीनं पिवळा झालेला तो एक पाय बघून शेजारीण म्हणाली, "हिचंच लग्न काढलंय का?" मी हसल्यासारखं केलं.

सूज उतरली तसं चालवणं सुरू झालं, आणि तिथं आमची गाडी अडली. घोडी चार पावलं टाकायची आणि थांबायची. लगाम ओढला तरी जागची हलायची नाही. मग आपल्याच मनानं पुन्हा चार पावलं, पुन्हा थांबणं. माझे पेशंट दुखायला लागलं की असेच थांबतात, भिंतीला हात लावतात आणि "दम खातो" म्हणतात. म्हणून तिलाही दुखत असणार, असं मी धरून चालले. चालवणं कमी केलं. तशी ती दिवसभर उभी राहू लागली आणि उभं राहून पाय पुन्हा सुजू लागला. मामा तिच्या मानेवर हात ठेवून म्हणायचे, "दुखतंय गं तिला. नको तरास देऊ."

पोळा झाला. वैजापूरचा माणूस येऊन तिचे दात बघून गेला. चालली नाही तरी चालेल, म्हणाला, शिंगरं तर देईल. मामांनी त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर कितीतरी वेळ कप विसळत बसले. मी शेजारी उभी होते. आता आपल्याला रडू यायला हवं, असं मनात आलं. आलं नाही.

नंतरच्या एका संध्याकाळी फाटक उघडं राहिलं. मी दवाखान्यातून आले तेव्हा मामा रस्त्यावर धावत होते आणि घोडी लांबच्या मळ्यात लसूणघासाकडे निघाली होती. चालत नव्हे, दुडक्या चालीनं, आणि वाटेत एकदाही न थांबता. आम्ही पोचलो तोवर तिचं तोंड घासात होतं. मी वाकून पायावर हात फिरवला. ती दचकली नाही.

मामा बांधावर बसले. धाप लागलेली असतानाच त्यांना हसू फुटलं. "अगं, तिला काय दुखत नाय," ते म्हणाले. "ती वरातीत हाये!"

मग मलाही उमगलं. तिचा सगळा जन्म वरातीत गेला होता. माणसानं लगाम धरून सावकाश चालवलं की चार पावलं जायचं आणि थांबायचं, कारण पुढे पोरं नाचत असतात. त्यांचं नाचून झालं की पुन्हा चार पावलं. शहाणी घोडी शिकवलेलं तेवढं करत होती. मामांनी जन्मभर तिला तसंच चालवलं, मी माझ्या लग्नात तिला तसंच चालताना पाहिलं, आणि दोघांनाही ते सुचलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पुढचं सोपं होतं, फक्त कष्टाचं. मी पुढे लांब ढांगा टाकत चालायचे, मामा मागून चुचकारत यायचे, तिला थांबायला सवडच द्यायची नाही. मग जमिनीवर बांबू आडवे टाकून त्यांवरून पाय उचलायला लावलं. गाजर दाखवून मान या अंगाला, त्या अंगाला वळवली. नवरात्रापर्यंत ती सलग फेऱ्या मारू लागली. दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, वरातीला न्या, पण नाचवू नका, आणि पायावर लक्ष ठेवायला कुणीतरी सोबत असू द्या. मामांनी वैजापूरला फोन करून नकार कळवला. घोडीसोबतचं ते कुणीतरी म्हणजे मीच, हे न बोलता ठरलं होतं.

पहिलं लग्न शहरातलंच होतं. मी दवाखान्यातून परस्पर तिथं गेले आणि घोडीच्या डाव्या बाजूला उभी राहिले. माझा नवरा तिथंच उभा राहायचा. नवरदेवाची एक वयस्क आत्या ओवाळणीचं ताट घेऊन पुढे आली. तिची नजर माझ्या रिकाम्या कपाळावरून रिकाम्या गळ्यावर गेली आणि तिथंच थांबली. ताट तिनं जरा मागे घेतलं. मला न विचारता मामांना विचारलं, "ह्या कोण?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "डाक्टरीण हाये घोडीची. पाय नाजूक हाये, सोबत लागती."

"मग असू द्या," आत्या म्हणाली आणि तिनं नवरदेवाला ओवाळलं.

वरात निघाली. घोडी चार पावलं चालली, थांबली, पुन्हा चालली. पाय झकास पडत होता. माझी नजर पायावर होती आणि छातीत काहीतरी झोंबत होतं. आधी वाटलं, फटाक्यांचा धूर असेल. धूर विरला तरी झोंबणं थांबलं नाही. मला राग आला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी आलं होतं.

घरी आल्यावर मामांनी घोडीला बांधलं आणि तिच्यावरची झूल सोडायला घेतली. "लई ब्येस चालली आज," ते म्हणाले.

"मामा, मी तुमची सून आहे."

त्यांचे हात बंदावरच राहिले. "व्हय," ते म्हणाले. "पर तिथं सून म्हनलो असतो, तर त्या बाईनं तुला बाजूला काढलं असतं. तुला कुनी बाजूला काढलेलं मला बघवलं नसतं, पोरी."

ते खरंच बोलत होते, मला कळत होतं.

"तरी म्हणायचं होतं, मामा," मी म्हणाले. "काढलं असतं तर काढलं असतं. तुम्ही म्हणायचं होतं."

आणि मी तिथंच, घोडीच्या पायाशी बसून, नवरा गेला त्या दिवशी रडायचं राहिलेलं सगळं मोठ्यानं रडले.