मावशी गाडी शिकते

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचा जन्म दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारण्यात गेला. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असायचा. ती सवय इतकी हाडात मुरली होती, की घरी बायकोने नको तो विषय काढला की त्यांचा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा. बायकोला ते लगेच कळायचं. "पाय उचला, बोलतेय मी," ती म्हणायची.

दोघांना मूलबाळ नव्हतं. आई वारलेली आणि बापाचा पत्ता नसलेली एक तीन वर्षांची पोर कोर्टाने त्यांच्याकडे काही आठवडे सांभाळायला दिली. त्या आठवड्यांची दोन वर्षं झाली. कागदावर तिचं नाव लांबलचक होतं, घरात ती ठिणगी झाली. आल्या दिवशीच तिने मास्तरांची एक चप्पल पाण्याच्या बादलीत बुडवली. मास्तर रागावल्यावर तिने थोडा विचार केला आणि जोडी फुटू नये म्हणून दुसरीही बुडवली. मास्तरांची बायको दाताच्या डॉक्टरकडे कामाला होती, भलेभले पेशंट तिच्या एका नजरेने तोंड उघडायचे. ठिणगीपुढे मात्र तिची नजर काही कामाची नव्हती.

शेवटी दोघांनी पोर कायमची आपली व्हावी म्हणून अर्ज केला, आणि नेमकी तेव्हाच ठिणगीची सख्खी मावशी कोर्टात उभी राहिली. तारखा पडत गेल्या. वकीलबाईंनी बजावून ठेवलं, समोरच्या पार्टीशी एक अक्षर बोलायचं नाही, ओळखीचं हसायचंसुद्धा नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात दोन्ही पक्ष समोरासमोरच्या बाकांवर बसायचे आणि भिंतीवरच्या पंख्याकडे बघायचे. मास्तर मेव्हण्याचा कोट घालून, केस चापून बसवून जायचे. त्या कोटाची बटणं लागत नसत, म्हणून पोट आत ओढून बसायचे.

आणि एका सकाळी हीच मावशी शिकवायच्या गाडीजवळ येऊन उभी राहिली. ऑफिसातल्या मुलीने तिला मास्तरांच्या वेळेत बसवलं होतं. मास्तरांच्या डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. हिने आपल्याला ओळखलेलं नाही, अशी त्यांनी स्वतःची खात्री करून घेतली. खरं तर तिला दुसऱ्या मास्तरांकडे पाठवायला हवं होतं. पण मावशीचं घर लांब आहे, गाडी नसेल तर शाळेत कशी सोडणार, असा प्रश्न कोर्टात निघाला होता. म्हणजे बाई त्यासाठीच आल्या होत्या. मास्तरांच्या डोक्यात किडा वळवळला.

शिकवण्यात त्यांनी लबाडी केली नाही. लबाडी केली ती रस्ते निवडण्यात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला भाजीबाजाराच्या गल्लीतून नेलं, ट्रकच्या अड्ड्यातून नेलं आणि वर उभ्या चढणीच्या पुलावर नेलं. बाई चार दिवसांत हात टेकतील असा त्यांचा हिशेब होता. पुलावर गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता गदारोळ. मावशी शांतपणे खाली उतरली, मागच्या ट्रकवाल्याची माफी मागून आली, पट्टा लावला आणि म्हणाली, "हं, पुन्हा सांगा."

मास्तरांनी हळूच खडा टाकून बघितला. गाडी कशासाठी शिकताय, घरी कोण कोण असतं? मावशीने नजर रस्त्यावरच ठेवली. धाकट्या बहिणीशी भांडण झालं होतं, ते वर्षानुवर्षं चाललं. ती गेल्याचं उशिरा कळलं, तिला मुलगी असल्याचं त्याहून उशिरा.

"त्या पोरीला माझा चेहराही माहीत नाही," ती म्हणाली. "मी मागितलंच नाही, तर तिला वाटेल आईकडचं आपलं कुणी नव्हतंच."

मास्तरांनी क्लच अर्धा कसा सोडायचा, ते मन लावून समजावलं. गाडी पूल चढली.

हे घरी सांगणं भाग होतं. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि ओट्यावरचं फडकं उचललं.

"म्हणजे आपली पोर न्यायला तुम्ही तिला गाडी शिकवताय."

"अवघड रस्त्यांनी शिकवतोय," मास्तरांनी बाजू मांडली.

बायकोने ओटा पुसायला घेतला. मग तिने विचारलं, "चालवते कशी?"

"क्लच सोडायची घाई करते."

"मग नीट शिकवा. उद्या पोर बसायची त्या गाडीत."

निकालाच्या दिवशी मावशीला बोलायची वेळ आली, तेव्हा तिने वकिलाला बाजूला सारलं आणि न्यायाधीशबाईंना सरळ सांगितलं, की गाडी शिकायची होतीच, पण मुद्दाम यांच्याकडे गेले. माणूस कसा आहे ते बघायचं होतं. "टोपी घातली की आपण ओळखू येत नाही, असं यांना वाटतं," ती म्हणाली. मास्तरांच्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. न्यायाधीशबाईंनी दोघांची चांगलीच खरडपट्टी काढली. मास्तरांनी उठून सांगितलं, की आपण केसबद्दल एक अवाक्षर विचारलेलं नाही. मग प्रामाणिकपणे जोडलं, "थोडंसं विचारलं."

मावशी पुढे म्हणाली, "मी कोण ते यांना माहीत होतं, तरी मला पूल चढायला शिकवलं. पोर त्यांच्याकडेच राहू दे. मला फक्त तिची मावशी होऊ द्या."

निकाल तसाच लागला. ठिणगी कायमची या दोघांची, शनिवार-रविवार मावशीची. मास्तरांची बायको पदराने डोळे टिपत बाहेर आली, तेव्हा ठिणगी बाकाखाली शिरून, बाकावर डुलक्या घेणाऱ्या शिपायाच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधत होती. त्या सोडवण्यात रडणं राहूनच गेलं.

पहिल्या शनिवारी घर खायला उठलं. दोघांनी लवकर जेवून घेतलं आणि दोघं फोनकडे बघत बसली. फोन आलाच. मावशी जरा संकोचून विचारत होती, की ठिणगी म्हणते, घरी झोपण्याआधी सगळे पलंगावर उड्या मारतात. खरं आहे का?

असलं काही त्या घरात कधी झालं नव्हतं. बायको समोरून जोरजोरात मान हलवत होती. मास्तरांनी तिच्याकडे पाठ केली.

"खरं आहे," ते म्हणाले. "पण सुरुवात मोठ्या माणसाने करायची असते."

पलीकडे मावशीने फोन बाजूला ठेवला. मग पलंग करकरल्याचा आवाज आला.