उरलेला कान

जोसेफ गावित तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला तेव्हा त्याचा डावा कान पार गेला होता आणि उजव्यात थोडी धुगधुगी उरली होती. नोकरीची पहिली वर्षं त्याने कानात कापसाचे बोळे कोंबून तोफेशेजारी काढली होती. शेवटच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, वयोमानाने ऐकू कमी येतं. जोसेफ तेव्हा चाळिशीचाही नव्हता.

"वय माझं, की तोफेचं?" त्याने विचारलं. उत्तर मिळालं असेल तर ते त्याला ऐकू गेलं नाही.

नवापूरच्या डोंगराकडच्या आपल्या गावी तो परतला. थोडा भात, थोड्या कोंबड्या, बायको रूथ. मागून कुणी हाक मारली तर हा वळायचा नाही. फौजीला माज आलाय, असं लोक म्हणू लागले. बोलायचा तेही ओरडून, मग दारू पितो अशी आवई उठली. आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस. हे सगळं कळून तो आतल्या आत धुमसायचा. रूथ मात्र नेहमी त्याच्या उजव्या बाजूला बसून बोलायची. रविवारी चर्चमध्ये ती पेटी वाजवायची तेव्हा जोसेफ पेटीला खेटून बसायचा, उजवा कान तिच्याकडे करून. तेवढं एकच त्याला धड ऐकू यायचं.

त्या पेटीचा भाता फाटला. दुरुस्त करणारा कारागीर हद्दीपलीकडे, गुजरातेत. शनिवारी दुपारी जोसेफ पेटी दुरुस्त करून, पोत्यात गुंडाळून, मोटारसायकलच्या मागे बांधून परत निघाला. डोक्यावर हेल्मेट. कानातलं यंत्र खिशात, कारण हेल्मेटच्या आत वारा शिरला की ते नुसतं किंचाळायचं.

हद्दीवरच्या नाक्यावर पोलिसाने शिट्टी मारली. जोसेफला ऐकू आली नाही. तो पुढे गेला. पुढच्या अडथळ्याजवळ दुसरा पोलीस उभा होता, त्याने सरळ काठी घातली, मनगटावर. गाडी, जोसेफ आणि पेटी रस्त्यावर आडवे झाले.

"कोठे पळी ऱ्हायना रे? पोत्यामा काय शे? गुटखा?"

जोसेफला फक्त ओठ हलताना दिसले. "ऐकू येत नाही साहेब," तो म्हणाला. नेहमीसारखा मोठ्याने म्हणाला.

"मन्हावर ओरडस? बहिऱ्यानं नाटक करस?" पोलिसाने त्याचं हेल्मेट ओढून काढलं आणि सणसणीत थोबाडीत दिली. उजव्या कानाखाली. मग दुसरी, तिथेच. तोवर मागून धावत आलेल्या पहिल्या पोलिसाने पोत्यावर काठ्या हाणल्या. आत लाकूड फुटल्याचा आवाज झाला, तो जोसेफ सोडून सगळ्यांनी ऐकला.

गुटखा निघाला नाही. जोसेफच्या खिशातून निघालं माजी सैनिकाचं ओळखपत्र. ते पाहिल्याबरोबर पोलिसाचा हात खाली आला. कुणीतरी खुर्ची आणली. कुणी पाण्याची बाटली पुढे केली. ज्याने मारलं तोच म्हणाला, "पहिलेच सांगता नही येत का, फौजी शे म्हनीसन?"

जोसेफच्या कानातून रक्त कॉलरवर उतरत होतं. शिट्टी नाही, ट्रक नाही, स्वतःचा आवाजही नाही. उरलेली धुगधुगी त्या दुपारी विझली, ती कायमची. सुरतेच्या डॉक्टरांनीही पुढे हेच सांगितलं.

आठवड्याभरात घरी माणसं आली. नवलभाऊ, तालुक्यातले पुढारी, शाल आणि नारळ घेऊन. बरोबर पोलीस ठाण्याचे अधिकारी. आणि शहाद्याकडचे सुभेदार शिवाजी पाटील, माजी सैनिकांच्या संघटनेचे. ओसरीवर कोपऱ्यात रूथचा भाऊ होळ्या उभा होता. तो बांधकामावर, ऊसतोडीला गुजरातेत जायचा, त्याच नाक्यावरून.

नवलभाऊंनी सुरुवात केली. "जोसेफभाऊ, तुम्ही देशना सिपाही. गलती व्हयी गई. त्या पोऱ्याले वाटनं, कोनी साधा मजूर व्हई."

रूथ समोर बसून प्रत्येक वाक्य ओठ नीट हलवून घरच्या कोकणीत, त्यांच्या आदिवासी बोलीत, जोसेफला सांगत होती. हे वाक्य तिला गिळून टाकता आलं असतं. तिने टाकलं नाही. शब्दन् शब्द सांगितला.

जोसेफने होळ्याकडे पाहिलं.

"साधा मजूर हा आहे," तो म्हणाला. "इकडे ये. तोंड उघड."

होळ्या लाजला. हसतानाही तो तोंडावर हात धरायचा. जोसेफने त्याचा हात खाली ओढला. पुढचा दात अर्धा तुटलेला होता.

"दोन वर्षांपूर्वी तुमच्याच नाक्यावर. कामावरून येत होता. पिशवी तपासायला थांबवला, उलटून बोलला म्हणून काठी तोंडावर. तेव्हा शाल कुणी आणली? सांगा ना, कोण आलं होतं याच्या घरी?"

अधिकारी खुर्चीत हलले. "ते वेगळं प्रकरण आहे. त्याची तक्रारच नाही."

रूथने सांगितलं. जोसेफ उठला. "तक्रार घेऊन गेला असता तर दुसरा दात पाडला असता. मी फौजी नसतो तर माझी तरी तक्रार असती का? घ्या आता लिहून. दोघांची घ्या. नाहीतर ही शाल घेऊन चालते व्हा."

नवलभाऊंनी नारळ तसाच ओसरीवर ठेवला. जोसेफने तो उचलून त्यांच्या गाडीत नेऊन टाकला.

सुभेदार मागे थांबले. ते मनाने वाईट नव्हते. रूथला म्हणाले, "त्याला सांगा, आपण नंदुरबारला मोर्चा काढू. पूर्ण जिल्ह्यातले माजी सैनिक येतील. हा वर्दीचा अपमान आहे. फक्त होळ्याचं मधे आणू नका. केस कमजोर होते."

जोसेफने ते रूथच्या ओठांवरून वाचलं. "मी वर्दीत नव्हतो, सुभेदारसाहेब. शर्ट-पँटमध्ये होतो. वर्दीला कुणी मारलं नाही. गावित दिसला, आदिवासी दिसला म्हणून मारलं."

मोर्चा तरीही निघाला. जोसेफ आणि होळ्या नंदुरबारला पोचले तेव्हा चौकात मोठा फलक टांगलेला होता. वीर जवानाचा अपमान सहन करणार नाही. खाली जोसेफचा गणवेशातला, भरतीच्या वेळचा फोटो, कानांना काही झालेलं नव्हतं तेव्हाचा.

"याच्या शेजारी होळ्याचा लावा," तो म्हणाला.

कुणीतरी समजूत घालायला खांद्यावर हात ठेवला. जोसेफने तो झटकला. फलकाच्या दोऱ्या सोडायला लागला. गाठी सुटेनात, तेव्हा दातांनी तोडल्या. पदकं लावून आलेली माणसं बघत राहिली. काही चिडली, हा वेडा झालाय म्हणाली. फलक खाली आला. त्याची गुंडाळी काखेत मारून जोसेफ होळ्याला म्हणाला, "चल."

मारणारा पोलीस निलंबित झाला आणि काही महिन्यांनी दुसरीकडे कामावर हजर झाला. होळ्याची तक्रार ठाण्यात घेतलीच नाही. मग रोशन नावाच्या नवापूरच्या तरुण वकिलाने दोघांचीही तक्रार थेट कोर्टात लावली. पहिल्यांदा साक्ष द्यायला उभा राहिला तेव्हा होळ्याने तोंडावरचा हात खाली घेतला होता. पुढची तारीख मिळाली. अजून तारखाच चालू आहेत.

त्या साक्षीनंतरच्या सोमवारी होळ्या परत कामावर निघाला. जोसेफला पलीकडे डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून दोघे आपापल्या गाडीवर बरोबरच निघाले. नाक्यावर नवा पोलीस होता. पेपरात फोटो आलेल्या जोसेफला त्याने हेल्मेटमधूनही ओळखलं. कडक सलाम ठोकला आणि जा म्हणून हात केला. जोसेफ पुढे गेला. आरशात पाहिलं, तर होळ्याला बाजूला घेतलेलं. पिशवी रस्त्यावर उपडी केलेली, भाकरीचा डबा उघडा पडलेला.

जोसेफने गाडी वळवली. नाक्याच्या मधोमध रस्त्यात आडवी लावली आणि हेल्मेट काढलं.

"माझीही पिशवी उपडी कर," तो ओरडला. "कर! सलाम कसला करतोस?"

"साहेब, तुम्ही जा ना. तुमना काही संबंध नही," पोलीस हात जोडून म्हणाला.

जोसेफने आपली पिशवी स्वतःच रस्त्यावर ओतली आणि होळ्याच्या डब्याशेजारी उभा राहिला. मागे ट्रकांची रांग लागत गेली. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून शिव्या देत होते, हॉर्नवर हॉर्न वाजत होते. जोसेफला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तो हलला नाही.