खिडकीजवळचं स्टूल

सरांनी माझं जर्नल वर धरलं आणि वर्गाला दाखवलं. "बघा. हिनं मायक्रोस्कोपला डोळाच लावलेला नाही. पुस्तकातून उतरवलंय." पोरं हसली. सरांनी आकृतीवर तांबडी रेघ मारली.

आकृती क्लॅमिडोमोनासची होती. साचलेल्या पाण्यातलं, एका पेशीचं हिरवं शैवाल. सर सांगायचे, जगभरचे शास्त्रज्ञ त्याच्यावर प्रयोग करतात. जगायला लागतं ते सगळं त्या एका पेशीत असतं.

मी उतरवलं होतं, हे खरं. का, ते कुणी विचारलं नाही.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. कॉलेजातल्या मायक्रोस्कोपला दिवा नव्हता, खाली आरसा होता. खिडकीतला उजेड त्यावर घ्यायचा. दोघींत एक मायक्रोस्कोप. माझी जोडीदारीण नवी पेठेतल्या कापडदुकानदाराची मुलगी. मी वळसंग गावची, महारवाड्यातली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "तू शेवटी बघ की. डोळा लागतो तिथं." तेव्हापासून माझी पाळी तिचं सगळं झाल्यावर, तास संपता संपता. तोवर ऊन समोरच्या इमारतीआड गेलेलं. मला दिसायचा नुसता करडा गोल. सांगायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेले. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. खिडकीत शैवालाची परीक्षानळी ठेवलेली. सगळा हिरवा रंग उजेडाच्या बाजूला गोळा झालेला. मी नळी फिरवली आणि बसून राहिले. हळूहळू हिरवं पुन्हा उजेडाकडं सरकलं.

पुढच्या प्रॅक्टिकलला मी आधी जाऊन खिडकीजवळच्या स्टूलवर बसले.

"ऊठ की," जोडीदारीण म्हणाली.

"न्हाय. आज मी आदी बघनार."

माझी बोली ऐकून पोरं पुन्हा हसली. सर आले. म्हणाले, "बघ. पण झालं की पुसून दे तिला."

"तिनं माज्यासाटी कदी पुसलं न्हाय, सर. मीबी पुसनार न्हाय."



मी डोळा लावला. लख्ख उजेड. पेशी पोहत होत्या, दोन बारीक धागे हलवत. प्रत्येकीत एक तांबडा ठिपका, उजेड ओळखणारा. मी बघून आकृती काढली. सरांनी सही केली, माझ्याकडं न बघता.

जोडीदारीण दुसऱ्या टेबलावर गेली. माझ्या शेजारचं स्टूल वर्षभर रिकामं राहिलं. त्यावर मी कधी पिशवीही ठेवली नाही. ज्याला बसायचं त्यानं बसावं. मी पुसून देणार नाही. शेवटी बघणार नाही. कुठंच.