सरसकट वेल्डिंग

डोणगावात रस्त्याला लागून माझं वर्कशॉप आहे. तिथं बसून एक गोष्ट पक्की कळली: लोखंडाचं काहीही मोडो, आमच्या लोकांच्या तोंडात एकच शब्द येतो, वेल्डिंग. पातेल्याला डाख द्यायचा असो की ट्रॉलीचा हूक जोडायचा असो, ‘वेल्डिंग मारून द्या.’ उद्या डिंकानं चिकटवलं तरी ही मंडळी त्याला वेल्डिंगच म्हणतील. शिकलेले तर त्याहून थोर. एका इंजिनिअरसाहेबांनी शाळेच्या लोखंडी गेटच्या कागदावर चक्क ‘सोल्डरिंग’ लिहून आणलं होतं. मी म्हटलं, साहेब, कथलानं जोडलेलं गेट पोरं पहिल्याच मधल्या सुट्टीत उचलून नेतील. साहेबांना तो विनोद वाटला.

तरी मी गिऱ्हाइकाला उभं करून समजावतो. वेल्डिंगमध्ये दोन्ही तुकडे वितळून एक होतात. ब्रेझिंगमध्ये तुकडे वितळत नाहीत. मधे पितळ उतरतं आणि दोघांना धरून ठेवतं. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, साधी वेल्डिंगची कांडी लावली की ते सांध्याच्या शेजारी तडकतं, म्हणून मी त्याला ब्रेझिंग करतो. पालथ्या घड्यावर पाणी! एका गुरुजींनी मलाच ऐकवलं, ‘काय फरक पडते भाऊ? चिकटल्याशी मतलब.’ हा माणूस पोरांना विज्ञान शिकवतो.

एकदा जवळच्या खेड्यातली एक बाई पिठाच्या गिरणीचं बिडाचं ब्रॅकेट घेऊन आली. गिरणी ती एकटीच चालवायची, गावात दुसरी नव्हती, आणि तिचं घर त्या दळणावरच चालायचं. ब्रॅकेटला बोटभर तडा गेला होता. मी तडा घासून रुंद केला, ब्रॅकेट तापवलं, पितळ भरलं आणि हळूहळू निवावं म्हणून राखेत गाडून ठेवलं. वरून काळा रंग दिला. काम असं साफ झालं की सांधा कुठं आहे ते शोधावं लागे.

ती न्यायला आली तेव्हा पेरणीच्या तोंडावरची गर्दी होती. ज्याला त्याला आपलाच फाळ आधी पाहिजे. बाईनं विचारलं, ‘भाऊ, झालं का वेल्डिंग?’ मी तोंड उघडलं होतं. हे ब्रेझिंग आहे, पुढं कुणी याला हात लावला तर आत पितळ आहे म्हणून सांगा, एवढंच बोलायचं होतं. पण कंटाळा आला. हिला काय कळणार आहे, असं वाटलं.

‘हाव ताई, झालं वेल्डिंग. घेऊन जा.’

दिवाळीच्या सुमारास ती पुन्हा आली आणि तिनं पोत्यातून ब्रॅकेटचे तीन तुकडे काढले. सांध्याच्या टोकाला बारीक चीर दिसली म्हणून तिनं ते तिच्याच गावातल्या वेल्डरकडं नेलं होतं. तुकडे पाहताच मला कळलं. त्यानं बिडासाठी मिळणारी महागाची कांडी वापरली होती, पण मारली होती थेट पितळेवर. पितळ उकळून उडालं होतं आणि बीड चहूकडून तडकलं होतं.

माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. ‘कोन्या उंटावरच्या शहाण्यानं हे केलं? पितळेवर कधी वेल्डिंग धरते का? आधी काय केलं हाय, एवढं पुसाले काय झालं होतं त्याले?’

‘पुसलं होतं न त्यानं,’ बाई म्हणाली. ‘तुम्ही मले जे सांगतलं, तेच मी त्याले सांगतलं.’

दुकानात चार माणसं उभी होती. त्यांच्यासमोर मला भयंकर लाज वाटली, आणि तरीही ‘चूक माझी’ हे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. मी तुकडे जुळवून पाहत राहिलो. जुळण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं, आणि त्या जुन्या बनावटीचं ब्रॅकेट आता कुठं मिळत नाही. तिच्या गावचं दळण हल्ली डोणगावला येतं, माझ्या दुकानावरून. डबे घेऊन येणाऱ्या बायांत कधी कधी तीही असते.