ते दही सॅमसनचं नव्हतं

शेवटच्या भेटीत सॅमसनने इस्पितळातल्या सूपला मनसोक्त नावं ठेवली. "कुलकर्णी, यात भाजी बुडवून परत काढून घेतलीये," म्हणाला. मी हसत सुटलो. एक गोष्ट बोलायची ठरवून गेलो होतो, ती हसण्यात राहून गेली... त्याच आठवड्यात त्याच्या मुलीचा, रूथचा, फोन आला, पपा गेले.

सॅमसन अलिबागकडचा बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारा ज्यू. जर्मनीत, स्टुटगार्टला आम्ही एकाच कंपनीत इंजिनांवर काम केलं आणि आयुष्यभर मराठीत भांडलो. इथल्या ज्यू मंडळींत मात्र त्याला कुणीतरी हळूच विचारायचंच, भारतात ज्यू असतात? नियम पाळता का तुम्ही? तो गमतीने उत्तर द्यायचा, पण ते त्याला लागायचं.

दर उन्हाळ्यात त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या अंगणात कोशर बार्बेक्यूची स्पर्धा भरते. कोशर म्हणजे त्यांच्या धर्मनियमांत बसणारं. मांस, मसाले, कोळसा, ग्रिल सगळं आयोजक देतात. घरून काही आणायचं नाही, आणि मांसाजवळ दुधाचा थेंबही चालत नाही. निवृत्तीनंतर सॅमसनने मला जोडीला घेतलं. तो निखारे सांभाळायचा. मी मसाला कालवायचो आणि शेजारच्या फ्रँकफुर्टच्या टीमची मराठीत यथेच्छ निंदा करायचो.

एका वर्षी कोंबडीच्या तंगड्या होत्या.

"दह्याशिवाय कोरड्या होतील," मी आदल्या दिवशी म्हणालो.

"दही नाही. नारळाचं दूध मागून घेऊ."

"अरे, मटणाचं समजलं. पण कोंबडी कुठे दूध देते?"

"हे विचारणारा तू पहिला नाहीस. उत्तर तेच."

मला माझा युक्तिवाद बिनतोड वाटत होता. मी चक्क्याची डबी खिशात घालून नेली आणि तो कोळसा आणायला गेला तेव्हा दोन चमचे मसाल्यात कालवले. नियमांवर देखरेख करणारे योसेफ नेमके तेव्हाच आले. चमचा उचलून म्हणाले, "वास इस्ट दास?" हे काय आहे? सॅमसन मागून आला, चमच्याचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि जर्मनमध्ये म्हणाला, "माझं आहे. सवयीने आणलं."

आम्ही बाद झालो. कोंबडी कचऱ्यात गेली, ग्रिल लाल होईपर्यंत तापवून शुद्ध करावं लागलं. परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, मी विचारलं, खोटं का बोललास?

"तुझं नाव घेतलं असतं तर पुढच्या वर्षी बाहेरच्यांना बंदी. मग मी भांडू कोणाशी?"

त्याचं नाव 'हेर योगुर्ट', म्हणजे दहीसाहेब, पडलं. पुढे तिथल्या स्वयंपाकघराच्या देखरेखीसाठी माणूस हवा होता. सॅमसनला ते काम फार मनापासून हवं होतं. भारतातल्या माणसाला दूध आणि मांस वेगळं कळत नाही, असं म्हणून त्यांनी दुसऱ्याला दिलं. मी सांगायला निघालो की तो म्हणायचा, "जाऊ दे रे." आणि मी... जाऊ दिलं.

परवा त्याच्या स्मरणासाठी सगळे जमले. योसेफनी दह्याचा किस्सा अगदी प्रेमाने सांगितला. लोक हसले. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, ते दही माझं होतं. सॅमसनने मला बजावून नाही म्हटलं होतं. नारळाचं दूध घ्यायचं म्हणाला होता.

योसेफ म्हणाले, "नारळाचं दूध... गेनाऊ, अगदी तेच. बरोबर होता तो. स्वयंपाकघराचं काम त्यालाच द्यायला हवं होतं."

नंतर रूथने मला सॅमसनच्या घरी चहाला नेलं. त्याच्या स्वयंपाकघरात दुधाच्या वस्तूंचा कप्पा वेगळा, मांसाच्या वस्तूंचा वेगळा. मी चमच्यासाठी हात पुढे केला आणि थबकलो. तिला मराठी समजतं, पण ती बोलते जर्मनच. "खालचा उघडा, काका," म्हणाली. सगळ्यात खालच्या कप्प्यात एक ताटली, एक सुरी, एक चमचा. स्पर्धेत बाद झालो त्याच आठवड्यात त्याने ते आणून ठेवलं होतं.

"पपा म्हणाले, कुलकर्णी सुधारणार नाही. त्याला त्याचा कप्पा असू दे."

मी त्या चमच्याने साखर ढवळली, चमचा धुतला आणि परत तिथेच ठेवला.